वाटी घेऊन मागे धावू नकोस

आधी मला एक सांग, दिवसभरात तुझ्या लेकाला दूध किती जातं? अगदी खरं सांग हं, मी काही तुझी सासू नाही. सकाळी डोळे उघडले की बाटली, दुपारी झोपवताना बाटली, रात्री पुन्हा बाटली. आणि जेवलाच नाही म्हणून ‘निदान दूध तरी जाऊ दे पोटात’ असं म्हणत अधूनमधून चौथी. बरोबर ना? आता हिशेब कर. तुमच्याकडे रतीब म्हशीच्या दुधाचा. पाणी न घातलेल्या म्हशीच्या दुधात १०० मिलीमागे १००च्या आसपास कॅलरी असतात. अडीचशेच्या तीन बाटल्या म्हणजे साडेसातशे कॅलरी नुसत्या दुधातून गेल्या. दोन वर्षांच्या मुलाला अख्ख्या दिवसात लागतात साधारण हजार ते अकराशे. त्यात आजीच्या चहाबरोबरची चार बिस्किटं धर आणि दुकानातून आल्यावर आजोबांनी हातावर ठेवलेलं पाच रुपयांचं पाकीट धर. मग तुझ्या वरणभाताला जागा राहिली कुठे?

तो उपाशी राहत नाहीये गं. त्याचं पोट भरलेलं आहे, फक्त तुला हवं त्याने भरलेलं नाही.

म्हणून पहिलं काम ताटातलं नव्हे, बाटलीचं. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाकाठी चारशे ते पाचशे मिली दूध पुष्कळ झालं, आणि तेही पेल्यातून, जेवणानंतर. बाटली एकदम बंद केलीस तर घर डोक्यावर घेईल, हे मलाही माहीत आहे. दुपारची आधी काढ, मग सकाळची पेल्यावर आण, रात्रीची सगळ्यात शेवटी. रात्रीची सोडवताना दोन-चार रात्री रड होते. त्या रात्री नवऱ्याची दुसऱ्या दिवशी पहिली पाळी नसेल अशा बघून ठरव, नाहीतर तोच उठून बाटली भरून देईल.

दुधाच्या मागे मी एवढी का लागलेय ते सांगते. दुधात लोह जवळपास नसतं, आणि दुधाने पोट भरलं की लोह असलेलं अन्न जातच नाही. रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. मग आपण आणखी दूध पाजतो. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली निघाली. आधीच्या पाहणीत हा आकडा ५३.८ होता. म्हणजे तुझ्या सोसायटीच्या बागेत खेळणाऱ्या दहा पोरांपैकी सहा-सात असू शकतात, आणि त्यातली काही चांगली गुबगुबीतही असतील. गुबगुबीत म्हणजे रक्त भरपूर असं नसतं. आणि चहात बुडवलेलं बिस्किट तेवढं बंद कर, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. उलट वरणावर पिळलेलं लिंबू ते लागायला मदत करतं. आपल्या आज्यांनी वरणभातावर लिंबू पिळलं ते चवीसाठी असेल, पण फार कामाचं होतं.

आता दुसरी गोष्ट, जी कुणीच आपल्याला वेळेवर सांगत नाही. पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. तीन किलोचं नऊ किलो. दुसऱ्या अख्ख्या वर्षात वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढ मंदावली की भूकही मंदावणारच. उष्टावणानंतर सहा-सात महिने चमचा दिसला की तोंड उघडणारं बाळ दीड वर्षाचं झालं की तोंड फिरवायला लागतं, आणि आपल्याला वाटतं, दृष्ट लागली. दृष्ट काढ हवी तर, मीठ-मोहरीने काही बिघडत नाही. पण ते वयच तसं आहे. याच सुमारास त्याला अनोळखी पदार्थाचा संशयही यायला लागतो. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की पोर चालायला लागलं आणि आईच्या नजरेआड जायला लागलं की दिसेल ते तोंडात न घालणं हे त्याच्या जिवाला बरंच. म्हणजे परवापर्यंत गपागप खाल्लेली दुधी आज तो थुंकतो ते तुझ्यावर सूड उगवायला नव्हे. हा संशय सहा वर्षांपर्यंत कमी-जास्त राहतो, मग आपोआप ओसरतो.

ओसरेपर्यंत काय करायचं? अमेरिकेत एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाई आहेत. त्यांनी ऐंशीच्या दशकात कामाची एक वाटणी सांगितली, आणि मला ती अजून कुठल्याही पुस्तकातल्या पाककृतींपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसून खायचं, हे आईबापाने ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. बस. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय खायचं ते तो ठरवतो, मॅगी म्हटलं की मॅगी. आणि किती खायचं ते आपण ठरवतो, ‘एवढी वाटी संपवायचीच’.

संपवायला लावल्याने काय होतं ते तपासूनही झालंय. २००६मध्ये पेनसिल्व्हेनियात लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांना दोन प्रकारची सुपं दिली. एका सुपाच्या वेळी मोठी माणसं ‘संपव, संपव’ म्हणत राहिली, दुसऱ्याच्या वेळी गप्प बसली. मुलांनी गप्प बसलेल्या वेळचं सूप जास्त प्यायलं, आणि मागे लागलेल्या सुपाला नावंही जास्त ठेवली. याच बर्चबाईंनी त्याच्याही आधी, १९८२च्या सुमारास, दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला देऊन पाहिले होते. जितक्या वेळा चाखलं तितकं आवडायला लागलं. दहा-पंधरा वेळा समोर यावं लागतं कधीकधी. आपण किती वेळा देतो? दोनदा दिलं, नाही खाल्लं, की ‘आमच्याकडे पालक चालत नाही’ असं शेजारणीला सांगून मोकळ्या होतो. तेही पोराच्या देखत. मग ते पोरही तसंच सांगायला लागतं, आणि आपल्याला त्याचं कौतुक वाटतं!

चाखणं म्हणजे वाटीभर नव्हे बरं का. नखाएवढा तुकडा ताटाच्या कडेला ठेवायचा आणि त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. हात लावला तरी ठीक, थुंकला तरी ठीक. बोलायचंच असेल तर दुसऱ्याच कशाच्या तरी गप्पा कर. आणि त्याच ताटात त्याला नक्की आवडणारं काहीतरी एक असू दे, म्हणजे पोटाला आधार राहील. वेगळं काही रांधायला मात्र उठायचं नाही. तुम्ही जे खाता तेच, तिखट-मीठ घालायच्या आधी त्याचं काढून ठेवलेलं.

तुला वाटेल, त्याच्यावर सोडलं तर तो नुसती साखर खाईल. ही शंका एका डॉक्टरीणबाईंनी फार पूर्वीच तपासली. क्लारा डेव्हिस त्यांचं नाव. १९२०च्या दशकात अमेरिकेत त्यांनी नुकतीच अंगावरून सुटलेली बाळं घेतली, पुढे त्यांची संख्या पंधरापर्यंत गेली, आणि काहींना चार-साडेचार वर्षांपर्यंत रोज स्वतःच्या मनाने जेवू दिलं. समोर साधेसुधे पदार्थ. धान्यं, भाज्या, फळं, दूध, अंडी, मांस, मासे, सगळे मिळून ३४ प्रकार. परिचारिकेने चमचा हातात धरून बसायचं, पण बाळाने बोट दाखवल्याशिवाय भरवायचं नाही, ‘हे खा’ म्हणायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. बाळांनी काय काय चमत्कारिक जेवणं जेवली! एखाद्याने न्याहारीला संत्र्याचा रस आणि कलेजी. कुणी काही दिवस अंड्यांच्या मागे. पण महिन्याचा हिशेब लावला तर प्रत्येकाचं पोषण नीट झालेलं, वाढही नीट. मात्र १९३९च्या त्यांच्या लेखात डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून टाकलं की सगळी मेख त्या ३४ पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, डब्याबाटलीतलं काही नव्हतं. तुझ्या घरात कुरकुऱ्यांचं पाकीट फडताळात दिसत असेल तर मात्र तो प्रयोग तिथेच संपला. निवड त्याची, पण यादी तुझी. म्हणून पाकिटं लपवू नकोस, आणूच नकोस. लपवलेलं त्याला तुझ्याआधी सापडतं.

यादीत काय असावं यासाठी मुळशीत राहणाऱ्या बाईने पुण्याच्या मॉलकडे बघायची गरज नाही. सगळ्यात आधी भात. तुमच्या गावाकडून इंद्रायणी येतोच ना? वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं हे वाण, आंबेमोहोराच्या वंशातलं, शिजलं की मऊ आणि चिकट. शहरातल्या बायका त्याला नावं ठेवतात, मोकळा होत नाही म्हणून. लहान मुलाच्या हाताला तर तोच हवा. बासमती त्याच्या बोटांतून निसटतो. इंद्रायणीच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून ताटलीत ठेव, त्यात मुगाचं घट्ट वरण किंवा मेतकूट-तूप कालवलेलं असू दे. तो एकेक उचलून खाईल, निम्म्या जमिनीवर टाकेल. टाकू दे. खाली जुनं वर्तमानपत्र अंथर. ज्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने तीन गोळ्या खाल्ल्या तो दिवस तू भरवलेल्या वाटीपेक्षा मोठा मान.

नाचणी आहे. १०० ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, म्हणजे दूध कमी केल्याची चुटपुट तुला नको. सत्त्व पातळ लागतं म्हणून नको म्हणत असेल तर घावन कर, नाहीतर भाकरीचा चतकोर दह्यात कुस्कर. अंडं उकडून त्याच्या चार फाका कर. मांसाहारी आहात, मग मुलाला रस्सा नुसता ओतू नकोस, लोह फोडीत असतं, रश्श्यात नाही. मऊ शिजलेलं मटण किंवा कोंबडीची कलेजी बारीक करून भातात कालव, आठवड्यातून एकदा पुरे. थालीपिठात भोपळा किसून घातला तरी चालेल, पण कधीतरी भोपळ्याची फोड तशीच्या तशीही ताटात दिसू दे. सतत लपवून दिलं तर त्याची भोपळ्याशी ओळख व्हायची कधी? आणि पावसाळ्यात सासूबाई टाकळा-कुर्डूची भाजी आणतील, त्यावरून मात्र त्याच्याशी भांडू नका. मला स्वतःला टाकळा आवडायला लग्न व्हावं लागलं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराची चकती, यातलं काही पाच वर्षांपर्यंत हातात द्यायचं नाही. दाण्याचा कूट कर, द्राक्ष उभं चिर, गाजर वाफव. खेळत्या, पळत्या, हसत्या मुलाच्या तोंडात घास घालायचा नाही. श्वासनलिकेत अडकलेला दाणा काढायला भूगावच्या कोंडीतून पुण्याला जावं लागतं, एवढं लक्षात ठेव.

आणि इथेच येते ती मागे धावणारी वाटी. संध्याकाळी तुमच्या सोसायटीत घसरगुंडीजवळ उभं राहून बघ. एक पोर वर चढतंय, आई खाली वाटी-चमचा घेऊन तयार, घसरत आलं की एक घास, झोक्यावर बसलं की एक घास. चिऊ-काऊचे घास आपणही खाल्लेत, पण तेव्हा आईच्या मांडीवर बसून, तिच्या तोंडाकडे बघत. धावणाऱ्या पोराला आपण जेवतोय हेच कळत नाही. मोबाइलसमोरही तेच. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वर्षाच्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराच्या वर नको. पण मला तासाच्या हिशेबापेक्षा वेगळी काळजी वाटते. गाणं बघत असताना तोंड आपोआप उघडतं, घास जातो, भूक भागली की नाही हे त्याचं त्यालाच समजत नाही. ते समजणंच तर शिकायचं असतं या वयात. सगळ्या जेवणांचा मोबाइल एका दिवसात काढू नकोस. दुपारचं जेवण आधी घे, कारण तेव्हा घरात तूच असतेस आणि बघणारं कुणी नसतं.

बघणाऱ्यांचं काय, हा खरा प्रश्न, नाही का? ‘पोर किती वाळलं गं!’ असं कुणी म्हटलं की तुझा हात आपोआप वाटीकडे जातो. तुझ्या निम्म्या घासांमागे त्याची भूक नसते, तुझी भीती असते. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना काम दे. ‘आई, तुमच्या हातचं मेतकूट त्याला आवडतं, दळून द्याल का?’ असं विचार. आणि त्याला त्यांच्याबरोबर, त्यांच्याच ताटाशी जेवायला बसव. मुलं सांगितलेलं खात नाहीत, बघितलेलं खातात. अंगणवाडीत हेच होतं. घरी खिचडीला हात न लावणारं पोर चार पोरांच्या रांगेत बसलं की तीच खिचडी चाटून-पुसून खातं. शेजारच्या ताईची मुलगी चांगली जेवते ना? आठवड्यातून एखाद्या दुपारी दोघांना एकत्र बसव.

वेळेचंही बघ. दर अडीच-तीन तासांनी काहीतरी, मधल्या वेळात फक्त पाणी. पंचवीस-तीस मिनिटं झाली की ताट उचलायचं, कपाळाला आठी न घालता. नवरा भूगाव ओलांडून पिरंगुटच्या घाटातून घरी पोचतो नऊला, आणि बाबाबरोबर जेवेल म्हणून तू त्याला तोवर बिस्किटांवर ठेवतेस. नको. त्याला साडेसातला गरम भात दे आणि तू, सासूबाई त्याच वेळी त्याच्याबरोबर बसा. मालिका तेवढा अर्धा तास बंद राहू दे, हे जमवणं सगळ्यात अवघड आहे, कबूल. बाबाबरोबरचं जेवण रविवारी.

औषधाच्या दुकानातून भूक वाढवायचं सिरप आणू नकोस. त्यातल्या बऱ्याच सिरपांमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं, म्हणजे ॲलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध. ते डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय द्यायचं नाही. दुधात मिसळायच्या चॉकलेटी पावडरीही नकोत. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असं काही सदरच नाही. जाहिरातीतलं पोर उंच होतं ते होतंच, त्या पावडरीने नव्हे.

पण सगळंच ‘वय आहे, होईल’ म्हणून सोडायचं नसतं. माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर लोह तपासायला हवं. घट्ट घास तोंडात गेला की दर वेळी ओकारी येत असेल, खाण्याचे पदार्थ महिन्यागणिक कमी-कमी होत चालले असतील, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, शौचाला चार-चार दिवस होत नसेल, तर डॉक्टरांना दाखव, शेजारणीला विचारू नकोस. वजन घटत असेल तर लगेच.

आणि वजन घटतंय की नाही हे डोळ्यांनी ठरवू नको, ते काट्यावर ठरतं. फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून तू अंगणवाडीकडे फिरकलीच नाहीस. ती आपल्यासाठी नाही असं तुला का वाटलं कोण जाणे! तिथे वजन-उंची होते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ठिपका पडतो. एका ठिपक्याचा अर्थ लावायचा नसतो, चार-पाच ठिपक्यांची रेघ वर चाललीय का ते बघायचं. वर चालली असेल, मग ती जाडजूड पोरांच्या रेघेखाली असली तरी, सासूबाईंना कार्ड दाखव आणि विषय संपव. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप द्यायचं असतं, ते आशाताईंकडे माग. शौच काळसर होईल, घाबरू नकोस. दहा फेब्रुवारीला जंताची गोळी देतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, पुढे पूर्ण, चुरून.

येत्या आठवड्यात एवढंच कर. दुपारची बाटली बंद आणि दुपारचा मोबाइल बंद. पालकाचं नंतर बघू. कार्ड सापडत नसेल तर लसीकरणाच्या पिशवीत बघ, तिथेच असतं सगळ्यांचं. सापडलं की घेऊन ये माझ्याकडे, रेघ बरोबर बसून बघू, आणि येताना त्यालाही आण, उपाशीपोटी.